जीनोमसाठी कीटक पकडताना: डीएनए तुटतो कुठे आणि टिकवायचा कसा

टाचणीवर टोचून, पंख पसरून वाळवलेलं फुलपाखरू शंभर वर्षांनीही ओळखता येतं. नक्षी तशीच, मिशा तशाच. पण तोवर त्याच्या पेशींतल्या डीएनएचे बारीक बारीक तुकडे झालेले असतात. त्यातून माहिती निघत नाही असं नाही, पण संपूर्ण जीनोम, म्हणजे त्या जिवाचा सगळाच्या सगळा डीएनए, गुणसूत्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जुळवायला ते पुरत नाहीत. संग्रहालयासाठी कीटकाचं रूप जपायचं असतं, जीनोमसाठी रेणूची लांबी. या दोन्ही गोष्टी एकाच पद्धतीने टिकत नाहीत.

लांबी कशाला हवी? एखादं दीर्घ काव्य फाडून त्याचे कपटे केले, तर जुळवताना खरी पंचाईत धृपदाशी होते. दर कडव्यानंतर तेच धृपद येत असेल आणि हातातल्या कपट्यावर नुसतं धृपदच असेल, तर तो कुठल्या कडव्यामागचा हे सांगता येत नाही. कपट्यावर धृपद आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या ओळी असल्या, की जागा आपोआप कळते. जीनोममध्ये अशी धृपदं, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे तेच तुकडे, ढिगाने असतात. डीएनएची ए, टी, जी, सी ही चार अक्षरं वाचायची आज वापरात असलेली हायफाय पद्धत साधारण 15 ते 20 हजार अक्षरांचे तुकडे 99.9 टक्क्यांच्या आसपास अचूकतेने वाचते. नॅनोपोअर पद्धत एक लाख अक्षरांच्या पुढेही जाऊ शकते. पण यंत्र कितीही भारी असलं, तरी तुटून आलेला रेणू ते सांधत नाही. आणि रेणू तुटतो तो बहुतेक वेळा कीटक जाळीत सापडल्यापासून फ्रीजरमध्ये जाईपर्यंतच्या वेळात. म्हणून इथे यंत्रांपेक्षा डबे, ट्यूब आणि बर्फ यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

मेल्यावर काय होतं

जिवंत पेशीत डीएनए कापणारी एन्झाइम असतातच, पण ती बंदिस्त असतात आणि झालेली मोडतोड पेशी सतत दुरुस्त करत असते. जीव गेला की दुरुस्ती थांबते, पेशीतले कप्पे फुटतात आणि एन्झाइम मोकाट सुटतात. आतड्यातले पाचक रस आणि जिवाणू भर घालतात. कीटक लहान असल्यामुळे त्याचं आतडं शरीराच्या मानाने मोठं असतं, शिवाय उन्हात पडलेलं इवलंसं शरीर चटकन तापतं. त्यामुळे ट्यूबमध्ये मरून दुपारभर गाडीत राहिलेला भुंगेरा बाहेरून अगदी ताजा दिसला, तरी लांब रेणूंच्या दृष्टीने तो बऱ्याचदा वाया गेलेला असतो.

यावरून पहिला नियम निघतो आणि पुढचं जवळजवळ सगळं त्यातूनच येतं: गोठवण्याच्या क्षणापर्यंत कीटक जिवंत ठेवायचा. मारणं आणि गोठवणं ही दोन वेगळी कामं नाहीत, ते एकच काम आहे.

कीटकशास्त्राच्या जुन्या सवयी इथे आड येतात. इथाइल ॲसिटेटची मारक बाटली डीएनएला घातक आहे. फॉर्मॅलिन तर त्याहून वाईट, ते डीएनए आणि प्रथिनं एकमेकांना जखडून टाकतं. 70 टक्के अल्कोहोल, जे संग्रहात सर्रास वापरतात, त्यात पाणी इतकं असतं की एन्झाइमचं काम पूर्ण थांबत नाही. कीटक हाताळण्यासाठी शांत करायचा असेल तर थंडी किंवा कार्बन डायऑक्साइड वापरावा.

निघण्याआधी

परवानग्या आधी, जाळी नंतर. संरक्षित क्षेत्र, संरक्षित प्रजाती, खाजगी जमीन यांची परवानगी तर लागतेच, पण जनुकीय साहित्य दुसऱ्या देशात पाठवायचं असेल तर नागोया प्रोटोकॉल हा अशा साहित्याच्या देवाणघेवाणीचा आंतरराष्ट्रीय करारही लागू होऊ शकतो. हा करार 2010 मध्ये मंजूर झाला आणि 12 ऑक्टोबर 2014 पासून अमलात आला. नमुना घेतल्यानंतर कागद गोळा करायला गेलं, तर उत्कृष्ट जीनोम तयार असूनही तो प्रसिद्ध करता येत नाही, अशी वेळ येते.

दुसरी चौकशी जीनोमच्या आकाराची. संधिपाद प्राण्यांत हा आकार थक्क करणाऱ्या फरकाने बदलतो. झाडांवरच्या लाल कोळीचा जीनोम सुमारे 9 कोटी अक्षरांचा, अंटार्क्टिकातल्या बेल्जिका नावाच्या बिनपंखी माशीचा सुमारे 10 कोटींचा, फळमाशीचा 18 कोटींच्या आसपास. वाळवंटी टोळाचा मात्र 860 कोटींच्या घरात, म्हणजे माणसाच्या अडीचपटीहून जास्त. प्रत्येक अक्षर सरासरी 30 वेळा वाचायचं ठरवलं, तर फळमाशीला साडेपाच अब्ज अक्षरं वाचावी लागतात आणि टोळाला अडीचशे अब्जांहून जास्त. खर्च, लागणारा डीएनए आणि संगणकाचं काम हे सगळं या एका आकड्यावर ठरतं. जवळच्या नात्यातल्या प्रजातीचा आकार माहीत असला तर अंदाज बांधता येतो. नसला तर एखाद्या कीटकाचं डोकं घेऊन, त्यातली केंद्रकं रंगवून, फ्लो सायटोमीटर या त्यांची चमक मोजणाऱ्या यंत्रावर मोजता येतो. त्यासाठी वेगळा कीटक राखून ठेवावा.

एकच जीव, आणि कुठला

फळमाशीचा जीनोम 2000 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा डीएनए पुष्कळ माश्यांचा एकत्र केलेला होता. ते चाललं, कारण पिढ्यानपिढ्या आपसांत वाढवलेल्या त्या माश्या जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकसारख्या होत्या. रानातून पकडलेल्या कीटकांना ही सवलत नाही. दहा चिलटं एकत्र वाटली, तर एकाच जागेच्या वीस आवृत्त्या समोर येतात. त्या एकाच जागेच्या आवृत्त्या आहेत की जीनोममध्ये खरंच वीस वेगळ्या जागा आहेत, हे जुळवणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. मग जीनोम फुगतो आणि जनुकं दोनदोनदा मोजली जातात. म्हणून आजचा आग्रह असा: लांब वाचनाचा सगळा डीएनए एकाच जिवाचा. गुणसूत्रांच्या रचनेसाठी करायचा हाय-सी प्रयोग आणि आरएनए यांना, अगदीच गरज पडली तर, त्याच ठिकाणचा, त्याच प्रजातीचा दुसरा जीव चालतो.

लिंगाचा विचार बहुतेक जण उशिरा करतात. ज्या लिंगात दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असतात ते निवडलं, तर एकाच जिवातून दोन्ही मिळतात. फळमाशी आणि ॲनोफिलिस डासात नर एक्स-वाय असतो, म्हणून नर. फुलपाखरं आणि पतंगांत उलट, तिथे मादी झेड-डब्ल्यू असते, म्हणून मादी. नर पतंग घेतला तर डब्ल्यू गुणसूत्र मिळणारच नाही, मग बाकी काम कितीही सुबक होवो. नाकतोड्यांत नराला एकच एक्स असतो आणि वाय नसतोच, त्यामुळे मादी घेऊन काही गमावत नाही. उलट एक्स गुणसूत्र इतरांइतक्याच वेळा वाचलं जातं. मधमाश्या, मुंग्या, गांधीलमाश्या यांचे नर निषेचन न झालेल्या अंड्यातून येतात, त्यांच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. म्हणजे दोन आवृत्त्यांचा घोळच नाही. या गटात नर सापडला तर सोडू नये.

मादी घ्यायची असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. मीलन झालेल्या मादीच्या पोटात नराचे शुक्राणू साठवलेले असतात, फलित अंडी असतील तर त्यांतही बापाचा डीएनए असतो. त्यामुळे अशा मादीचं पोट बाजूला ठेवून वक्षातले स्नायू वापरलेले बरे. कोषातून नुकतीच बाहेर आलेली, मीलन न झालेली मादी मिळाली तर उत्तमच.

मावा हा सुखद अपवाद. त्याच्या माद्या नराशिवाय पिल्लं देतात, त्यामुळे एका मादीपासून वाढवलेली वसाहत म्हणजे एकाच जिवाच्या प्रती. इथे पन्नास मावे एकत्र केले तरी बिघडत नाही, फक्त सुरुवात खरोखर एकाच मादीपासून झालेली हवी.

किती जीव गोळा करावेत? जीनोम एकाचा असला तरी पाच ते दहा आणावेत: एक मुख्य, एक हाय-सीसाठी, एक-दोन आरएनएसाठी, एक संग्रहासाठी आणि उरलेले राखीव. पहिल्या प्रयत्नात डीएनए तुटका निघणं काही नवलाचं नाही. मात्र दुर्मीळ प्रजातीला हा हिशेब लावू नये. तिथे एकाच जिवाचे भाग वाटून सगळं भागवावं.

पकडणं

झाडोऱ्यावर फिरवायची जाळी, फांदी झटकून खाली धरायचं कापड, बारीक कीटकांसाठी तोंडाने ओढायची नळी आणि रात्री पडद्यावरचा दिवा, या पद्धतींत कीटक जिवंत हाती येतो, म्हणून याच आधी वापराव्यात. मलेझ सापळा (जाळीचा तंबू), पिवळ्या ताटल्या, जमिनीत पुरलेले पेले हे सापळे द्रव भरून आठवडाभर तसेच ठेवले, तर त्यातला नमुना गणनेला चांगला पण जीनोमसाठी जवळजवळ निरुपयोगी. हेच पेले कोरडे ठेवून, तळाशी पालापाचोळा टाकून रोज सकाळी तपासले की कामाचे होतात. पालापाचोळ्यातले बारीक जीव काढायच्या दिवा-नरसाळ्याखाली अल्कोहोलऐवजी ओलसर टिपकागद घातलेली वाटी ठेवावी. नळीने ओढताना मधली बारीक जाळी शाबूत आहे ना, हे आधी बघावं. नाहीतर कीटकाचा प्रवास घशात संपतो.

पकडलेला प्रत्येक जीव वेगळ्या डबीत. कोळी एकमेकांना खातात, मुंग्या चावतात, आणि खाल्लेल्याचा डीएनए खाणाऱ्याच्या पोटात जातो. डबीत किंचित ओलसर कागद घालावा, पाण्याचा थेंब नको, लहान कीटक त्यात बुडतो. आइसबॉक्समध्ये डबी थेट बर्फावर न ठेवता मध्ये कापड घालावं. 4 ते 10 अंशांना बहुतेक कीटक सुस्त होऊन तासन्‌तास तग धरतात. वाणी हा प्राणी डिवचला की क्विनोनसारखी रसायनं सोडतो, काही जाती तर हायड्रोजन सायनाइड. घट्ट झाकणाच्या डबीत चार-पाच वाणी कोंबले तर ते स्वतःच्याच विषाने मरतात. त्यांना हवा खेळती हवी.

ओळख आणि पोटातले पाहुणे

गोठवल्यानंतर कीटक ठिसूळ होतो आणि वाटल्यानंतर उरतच नाही. म्हणून आधी फोटो: वरून, खालून, बाजूने, समोरून, प्रत्येकात मोजपट्टी आणि ट्यूबचा क्रमांक. थंड केलेला कीटक दोन-तीन मिनिटं स्थिर राहतो, तेवढ्यात उरकावं. एक पाय तोडून 95 ते 100 टक्के इथेनॉलमध्ये वेगळा ठेवावा. त्यातून सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचून बारकोड, म्हणजे प्रजात ओळखायची डीएनएची खूण, मिळतो, आणि मोठा खर्च करण्याआधी ओळख पडताळता येते. हे टाळणाऱ्यांना नंतर कळतं की आपण शेजारच्याच प्रजातीचा जीनोम तयार केला. अनेक भुंगेरे आणि माश्या नराच्या जननांगांवरूनच नक्की ओळखता येतात. तिथे पोटाचं टोक कापून संग्रहासाठी ठेवायचं आणि डोकं-वक्ष डीएनएला द्यायचं. हा राखलेला भाग, ज्याला व्हाउचर म्हणतात, तोच पुढे कुणी शंका काढली तर साक्षीदार.

मग उपवास. पोटात पान असेल तर वनस्पतीचा डीएनए वाचला जातो, भक्ष्य असेल तर भक्ष्याचा. पानं खाणाऱ्याला साधारण 24 तास उपाशी ठेवून ओलावा किंवा साखरपाणी दिलं की आतडं बरंच रिकामं होतं. सावकाश पचवणाऱ्या कोळ्याला आणखी काही दिवस लागतात. रक्त पिणाऱ्यांचं गणित वेगळं आहे: सस्तन प्राण्यांच्या लाल पेशींत केंद्रक नसतं, त्यामुळे त्यांच्या रक्तातला डीएनए पांढऱ्या पेशींपुरताच. पक्ष्यांच्या लाल पेशींत मात्र केंद्रक असतं, म्हणून कोंबडीवरून काढलेल्या टम्म गोचिडातून बहुतांश कोंबडीचाच जीनोम हाती येण्याची शक्यता असते. डासांत नर घ्यावा, तो रक्त पीतच नाही.

उपवासात कीटक मरू लागला तर उपवास सोडून द्यावा. परका डीएनए संगणकावर बऱ्याच अंशी चाळून काढता येतो, कारण वनस्पती, जिवाणू आणि कीटक यांची अक्षररचना वेगवेगळी असते. तुटलेला डीएनए मात्र कोणतंही सॉफ्टवेअर जोडत नाही. दोन्हीपैकी एक निवडायची वेळ आली तर थोडा अशुद्ध पण लांब डीएनए घ्यावा.

काही पाहुणे उपवासाने जात नाहीत. वोल्बाकिया हा जिवाणू असंख्य कीटकांच्या पेशींतच राहतो, माव्याच्या पेशींत बुख्नेरा. त्यांचे जीनोम छोटे, वोल्बाकियाचा दहा-पंधरा लाख अक्षरांचा, त्यामुळे वाचनात ते पूर्णच्या पूर्ण मिळतात. ते फेकू नयेत, वेगळे काढून ठेवावेत. घोळ एवढाच की काही कीटकांत वोल्बाकियाचे तुकडे यजमानाच्या गुणसूत्रातच शिरलेले असतात, म्हणून 'जिवाणूसारखं दिसलं की काढून टाक' हा सरधोपट नियम फसतो. सुरवंटाच्या आत परजीवी गांधीलमाशीची अळी निघणंही नेहमीचंच. त्याला उपाय म्हणजे पोट चिरून बघणं किंवा प्रौढ कीटक घेणं. कोष हा या बाबतीत गुणी: अळी कोषात जाण्याआधी आतडं रिकामं करते, कातडी मऊ असते आणि डीएनए भरपूर मिळतो. फक्त कोषावरून प्रजात ओळखणं अवघड, म्हणून अळी पाळून वाढवलेली असली तरच.

झटक्यात गोठवणं

पाणी सावकाश गोठलं की मोठे, टोकदार स्फटिक बनतात आणि पेशी फाडतात. झटक्यात गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांचा, ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंशांचा. नायट्रोजन उत्तम. ट्यूब आधी त्याच्या वाफेत थंड करायची, थंडीने सुस्त झालेला जिवंत कीटक तिच्यात टाकायचा, झाकण लावून ट्यूब चिमट्याने द्रवात बुडवायची. बोटभर लांबीचा कीटक आतपर्यंत गोठायला अर्धा-एक मिनिट द्यावं. द्रव नायट्रोजन आत शिरलेली ट्यूब बाहेर काढल्यावर फुटू शकते, कारण एक लिटर द्रवाचा सुमारे 700 लिटर वायू होतो. म्हणून ट्यूब क्रायो दर्जाची, म्हणजे अतिथंडी सोसणारी हवी, डोळ्यांना चष्मा आणि हातात सैल हातमोजे हवेत, आणि काम मोकळ्या हवेत. बंद खोलीत किंवा बंद गाडीत हा वायू ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणूस इशारा न मिळता कोसळतो.

नायट्रोजन नसेल तर ड्राय आइसची पूड. मोठा खडा नुसता ट्यूबला टेकवला तर स्पर्श कमी होतो आणि गोठणं रेंगाळतं, म्हणून पूड करून ट्यूब तिच्यात पुरावी. पुडीत थोडं इथेनॉल घालून लगदा केला तर आणखी लवकर गोठतं, पण लगदा ट्यूबच्या बाहेर राहील आणि क्रमांक पुसला जाणार नाही हे बघावं. प्रयोगशाळा जवळ असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे कीटक जिवंत न्यायचा आणि तिथेच उणे 80 च्या फ्रीजरमध्ये किंवा नायट्रोजनमध्ये टाकायचा. घरगुती फ्रीजरचे उणे 18 अंश पुरत नाहीत. तिथे कीटक सावकाश गोठतो, आणि आपोआप बर्फ वितळवणारे फ्रीजर तर मधूनमधून थोडे गरमही होतात.

यापुढे नमुना एकदाही वितळता कामा नये. वितळणं म्हणजे फाटलेल्या पेशींतून एन्झाइम पुन्हा मोकळी. वर्षभर उणे 80 मध्ये राहिलेला नमुना उत्तम असू शकतो आणि वीज गेल्याने एकदाच वितळून पुन्हा गोठलेला नमुना वाया जाऊ शकतो. दुसरा प्रकार बाहेरून ओळखू येत नाही, हीच अडचण.

थंडीची काहीच सोय नसलेल्या ठिकाणी शेवटचा मार्ग म्हणजे 95 ते 100 टक्के इथेनॉल, कीटकाच्या आकारमानाच्या दहापट तरी. कठीण कवचाच्या कीटकाला पोटाजवळ सुईने दोन-चार भोकं पाडावीत, नाहीतर द्रव आत पोचण्याआधी आतलं सडतं. अंगातलं पाणी इथेनॉल पातळ करतं, म्हणून एका दिवसाने ते बदलावं आणि शक्य तितक्या लवकर नमुना थंडीत हलवावा. यातून बारकोड आणि लहान तुकड्यांचं वाचन नीट होतं, लांब वाचन कधी जमतं, कधी नाही. हाय-सी साठी मात्र इथेनॉल जवळजवळ दरवेळी दगा देतं. त्या प्रयोगात केंद्रकाच्या आत कोणता डीएनए कोणाशेजारी होता याचीच नोंद घ्यायची असते, आणि इथेनॉलने ती मांडणीच विस्कटते. आरएनएसाठी आरएनए-लेटर द्रावण चालतं, पण ते कवचातून आत शिरत नाही. अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ तुकडे करूनच त्यात टाकावेत आणि रात्रभर 4 अंशांना मुरू द्यावेत.

कुठला भाग कशाला

मोठ्या कीटकाचे तुकडे ड्राय आइसवर ठेवलेल्या धातूच्या थंड ताटलीत, थंड केलेल्या चिमटा-ब्लेडने करतात. गरम चिमट्याला ऊती चिकटली तर तेवढा भाग वितळला असं समजावं. वक्ष म्हणजे उडण्याच्या आणि चालण्याच्या स्नायूंचा गठ्ठा, डीएनएसाठी पहिली पसंती. साधारण 25 मिलिग्रॅम ऊती एका निष्कर्षणाला पुरते. जास्त घातली तर जास्त डीएनए मिळेल हा गैरसमज. द्रावण चिकट होतं, प्रथिनं पूर्ण पचत नाहीत आणि उतारा उलट कमी येतो. डोक्यात मेंदू असतो म्हणून ते हाय-सी किंवा आरएनएला चांगलं, पण संयुक्त डोळ्यांतली रंगद्रव्यं पुढच्या एन्झाइमना अडवतात, तेव्हा डीएनएसाठी डोकं मागच्या क्रमांकावर. पोट शक्यतो शेवटी. पंखांत जवळपास काही नसतं.

पुढचं दळण थंडीतच: गोठलेली ऊती ट्यूबमध्येच प्लास्टिकच्या छोट्या मुसळीने चिरडायची किंवा पिशवीत घालून एका आघातात पूड करायची. मण्यांनी जोरात हलवणारी यंत्रं लहान वाचनासाठी ठीक, लांब रेणूंचा ती चुरा करतात. मग लगेच विरघळवणारं द्रावण आणि प्रोटिनेज-के हे प्रथिनं पचवणारं एन्झाइम, पद्धतीनुसार 25 ते 56 अंशांना काही तास. आरएनए काढून टाकायला आरनेझ हे एन्झाइम. कायटिनचं कवच विरघळत नाही, ते तळाशी बसू द्यावं आणि वरचं द्रावण रुंद तोंडाच्या टिपने हळू उचलावं. व्होर्टेक्स यंत्रावर घुसळणं नको, जोराने पिपेटिंग नको. चुंबकी मण्यांना चिकटवून, धुऊन डीएनए वेगळा करतात.

मोजमापात तीन आकडे बघतात. फक्त डीएनए मोजणाऱ्या क्युबिट यंत्रावर प्रमाण. प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या नॅनोड्रॉप यंत्रावर शुद्धता: 260/280 हे (260 आणि 280 नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचं) गुणोत्तर 1.8 ते 2 च्या आसपास, 260/230 दोनच्या जवळ. क्युबिटपेक्षा नॅनोड्रॉप कितीतरी जास्त दाखवत असेल, तर द्रावणात आरएनए किंवा रंगद्रव्य आहे आणि तो जास्तीचा आकडा फसवा आहे. तिसरं म्हणजे फेम्टो पल्ससारख्या यंत्रावर लांबी: मुख्य उंचवटा 50 हजार अक्षरांच्या पुढे असला तर समाधानकारक, काही हजारांवर पसरलेली उतरंड दिसली तर नमुना वाटेत कुठेतरी वितळला किंवा उशिरा गोठवला असं समजावं.

गंमत अशी की एवढा जपलेला लांब डीएनए हायफायसाठी मुद्दाम 15-20 हजार अक्षरांवर कापतात. मग जपला कशाला? आपण कापलेले तुकडे एकसारख्या लांबीचे असतात. आपोआप तुटलेल्यांत लहानमोठी सरमिसळ असते, धाग्यात अधेमधे चिरा असतात आणि त्या चिरांवर वाचन अडतं. तयार डीएनए 4 अंशांना ठेवावा, पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नये.

एक मिलिग्रॅमचे जीव

फळमाशीचं वजन जेमतेम एक मिलिग्रॅम. तिच्या एका साध्या पेशीत जीनोमच्या दोन प्रती, म्हणजे सुमारे 0.37 पिकोग्रॅम डीएनए. 100 नॅनोग्रॅम हवा असेल तर अडीच लाखांहून जास्त पेशींचा सगळाच्या सगळा डीएनए मिळाला पाहिजे. जमतं, पण काठावर. 2019 मध्ये ॲनोफिलिस कोलुझी या डासाचा जीनोम एकाच डासाच्या सुमारे 100 नॅनोग्रॅम डीएनएवरून जुळवला गेला, आणि इतक्या लहान जिवासाठीही हे शक्य असल्याचं दिसलं. त्याहून लहान, म्हणजे परजीवी चिमुकल्या गांधीलमाश्या, पिसवांसारखे उडीकिडे, धुळीतल्या माइट, यांच्यात पाच-दहा नॅनोग्रॅमच हाती येतात. तिथे पीसीआरने डीएनए वाढवून घेतात. त्याची किंमत मोजावी लागते: एखाद्या भागात जी-सी अक्षरं फार जास्त किंवा फार कमी असतील, तर तो भाग कमी वाढतो आणि जीनोममध्ये भोकं राहतात. जीनोम मोठा असेल तर हा मार्ग फारसा परवडत नाही. अशा जिवांचे तुकडे करत बसू नये, संपूर्ण शरीर डीएनएला द्यावं, हाय-सी साठी दुसरा जीव घ्यावा, आणि फोटो दुप्पट काढावेत, कारण व्हाउचर म्हणून तेवढेच उरणार आहेत.

नोंदी आणि प्रवास

ट्यूबवर हाताने लिहिलेलं नाव इथेनॉलच्या एका थेंबाने जातं आणि कागदी लेबल उणे 80 ला गळून पडतं. तळाशी कोरलेला द्विमितीय बारकोड असलेल्या ट्यूब वापरल्या तर हा प्रश्न येत नाही. प्रत्येक ट्यूबमागे एक ओळ: तारीख, अक्षांश-रेखांश, उंची, अधिवास, कोणी पकडलं, कोणी ओळखलं, लिंग, अवस्था, कुठला अवयव, कसं गोठवलं. आणि एक रकाना जो बहुतेक जण रिकामा सोडतात: पकडल्यापासून गोठवेपर्यंत किती वेळ गेला. सहा महिन्यांनी डीएनए तुटका निघाला की सगळ्यात आधी तोच शोधला जातो.

पाठवताना जाड थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइस. साधारण खोक्यात दिवसाला अडीच ते पाच किलो उडून जातो, म्हणून प्रवासाचे दिवस मोजून वर दोन दिवसांचा जास्तीचा भरावा. खोकं हवाबंद करू नये, वायूला वाट मिळाली नाही तर ते फुटतं. विमानाने जाणाऱ्या खोक्यावर यूएन 1845 हा ड्राय आइसचा क्रमांक आणि वर्ग 9 चं चिन्ह लागतं, ड्राय आइसचं वजनही लिहावं लागतं. लांबच्या प्रवासाला ड्राय शिपर, म्हणजे द्रव नायट्रोजन शोषून घेतलेला थंड डबा बरा, त्यात सांडायला द्रव नसतो आणि अनेक दिवस उणे 150 अंशांच्या खाली तापमान राहतं. खोकं सोमवारी किंवा मंगळवारी पाठवावं. शुक्रवारी निघालेलं खोकं शनिवार-रविवार कुठल्या तरी गोदामात बसतं आणि सोमवारी उघडलं की आत ड्राय आइस नसतो, नुसत्या ओल्या ट्यूब असतात.